वसुलीचा फोन आणि बायकोचा फ्रिज

त्या दिवशी मी फोन उचलला, एवढंच माझं चुकलं. पुढचं सगळं आपोआप होत गेलं.

एरवी अनोळखी नंबर मी उचलत नाही. (ओळखीचेही टाळतो. पाणीपट्टी खात्यातल्या कारकुनाला ओळखीचे लोकच जास्त छळतात.) पण त्या दिवशी मी रजेवर होतो, घरात एकटा होतो, आणि रावया, म्हणजे माझी बायको, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून माफी मागेल अशी मला आशा होती. लग्नाला तेरा वर्षं झाली तरी माणूस आशावादी राहू शकतो, याचं मी उत्तम उदाहरण आहे.

भांडण मुलूखियावरून झालं होतं. मुलूखियाच्या भाजीवर लसणाची फोडणी ओतताना बाईनं छातीवर हात ठेवून ‘हाऽऽ’ असा दचकल्यासारखा श्वास ओढायचा असतो, तरच भाजीला चव येते, हे आमच्या तांता शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. मी घास घेतला आणि नुसतं म्हणालो, “आज श्वास ओढायचा राहिला वाटतं. माझी आई ओढायची तेव्हा खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात यायची.”

रावया चौथीच्या वर्गाला शिकवते. ती ओरडत नाही, नुसती बघते. तिनं बघितलं, पातेल्यावर झाकण ठेवलं, दोन्ही पोरींना घेतलं आणि शेजारच्या महल्ला शहरात माहेरी निघून गेली. जायचं तर होतंच, कारण तिच्या भावाच्या, लुत्फीच्या बाळाचा सातव्या दिवसाचा सोहळा होता. पण दोन दिवस आधी आणि दार आपटून जायचं ठरलं नव्हतं.

तर फोन वाजला आणि मी झडप घालून उचलला.

“शौकी अब्दुल-बारी?” पुरुषाचा आवाज होता, भारदस्त, घसा नुकताच साफ केलेला.

“हो.”

“अंमलबजावणी आणि वसुली कार्यालयातून बोलतोय. तुमच्यावर दावा लागलाय.”

“कसला दावा?”

“तुम्हाला माहीत नाही?” हे तो अशा सुरात म्हणाला की मला लगेच माहीत असल्यासारखं वाटायला लागलं. “घरातल्या वस्तूंचा. सही तुमची आहे. नाकारताय?”

नाकारणार कसा? सही मीच केली होती. आमच्याकडे नवरी घरात यायच्या आधी नवऱ्याला कायम्यावर सही करावी लागते. कायमा म्हणजे घरातल्या सामानाची यादी. पलंगापासून चमच्यापर्यंत सगळं बायकोचं, नवरा फक्त राखणदार. तिनं मागितलं की मुकाट्यानं परत करायचं, नाही केलं तर सरळ तुरुंग. सगळे नवरे हसत हसत सही करतात आणि विसरून जातात. मीही विसरलो होतो. आता मात्र सगळं आठवलं. रावयानं कायमा बाहेर काढला! एका श्वासापायी!

“फ्रिज?” मी कसंबसं विचारलं.

“फ्रिज,” तो म्हणाला.

“आणि कपडे धुण्याचं मशीन?”

“ते तर आहेच.”

“नीशसुद्धा?”

तो जरा थांबला. “नीश सगळ्यात वर आहे.”

बघा! नीश सगळ्यात वर! नीश म्हणजे बैठकीतलं ते काचेचं कपाट. त्यात चिनी मातीचा सेट असतो, आणि आमच्या सेटमधल्या एकाही कपानं आजवर चहा पाहिलेला नाही. एकदा मी त्यातला एक कप हातात घेतला होता, नुसता बघायला, तर पोरींनी आईला हाक मारली होती. नीश सगळ्यात वर आहे हे रावयाशिवाय कुणाला ठाऊक असणार? माझा उरलासुरला संशयही फिटला.

“दुपारी पोलीस येतील,” आवाज पुढे म्हणाला. “पण तुम्ही सभ्य माणूस दिसता. वीस हजार पौंड भरा, प्रकरण इथंच मिटवतो. दोन तासांत. मोबाइलच्या वॉलेटवर. आणि घरात कुणाशी बोलू नका.”

(हे मला पटलं. दावा लावणाऱ्याशी परस्पर बोलायचं नसतं, असं मी कुठंतरी वाचलं होतं.)

आता घाबरट माणसाची एक गंमत असते. तो घाबरत घाबरत टोकाला पोचला की तिथं जागा संपते, आणि मग तो उलटा फिरतो. माझं तसंच झालं. तेरा वर्षांचा संसार, आणि किंमत वीस हजार? तीही वॉलेटवर?

“एक दमडी मिळणार नाही!” मी ओरडलो. “सांग तिला! पैसे नाहीत, माल घ्या! आजच्या आज तिच्या बापाच्या दारात नेऊन टाकतो!”

“मालाची गरज नाही, साहेब, आपण पैशातच—”

“गरज नाही कशी? सही मालावर केलीय, मालच मिळेल!”

“साहेब, ऐका तर. पंधरा हजार.”

“फ्रिज!”

“बरं, दहा—”

“नीश!” असं म्हणून मी फोन कापला. असा विजय मला लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होता.

कोपऱ्यावर उस्ता फरगली त्याचं पिकअप घेऊन उभा असतो. तो दोन हमाल घेऊन वर आला, फ्रिजकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, “कायमा?”

“कायमा,” मी म्हणालो.

त्यानं मला छातीशी धरलं. “पहिल्या वेळी जड जातं, शौकीभाई. मी तीनदा नेऊन दिलंय. पुढच्या वेळी फ्रिज लहान घ्या, माझं ऐका.”

सामान खाली जात होतं तसतशी जिन्यातली दारं उघडत होती. तळमजल्यावरच्या उम्म करमनं तर डोळ्याला रुमालच लावला. “एवढी गुणी बाई! काय केलंस रे मेल्या?” मी मान ताठ ठेवून मशीनमागून उतरलो. फ्रिज, मशीन, शेगडी, पलंग, कोच, गालिचे आणि सगळ्यात वर, दोऱ्या बांधून, नीश. कप मी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतले. (नवऱ्यानं बाणेदार व्हावं, पण कप फुटले तर काय होईल याची जाणीव ठेवावी.)

महल्ल्याच्या रस्त्यावर मी भाषण तयार केलं. ‘रावया, हे तुझं सामान. मोजून घे. मी कुणाचा मिंधा नाही!’ इथपर्यंत झकास जमत होतं. पण त्याच्यापुढं ‘आणि पोरी?’ असं यायचं आणि भाषण तिथंच अडायचं. खरं सांगतो, तुरुंगाची भीती मला केव्हाच राहिली नव्हती. ही बाई आता घरी येणार नाही, एवढं एकच डोक्यात घुमत होतं. फरगली गाडी चालवता चालवता मला कागदी रुमाल देत होता.

सासऱ्यांच्या गल्लीत शिरलो तर दारात मेणबत्त्या, मीठ उधळलेलं, घरभर बायका. बाळाला चाळणीत ठेवून हलवणं चाललं होतं, आणि माझ्या सासूबाई, हाज्जा तफीदा, पितळी खलबत्ता त्याच्या कानाशी ठणाणा वाजवत सांगत होत्या, “आईचं ऐक! बापाचं ऐकू नकोस!” त्या दिवशी सोहळा आहे हे मी साफ विसरलो होतो.

मी पिकअपवर उभा राहिलो. हात वर केला. “हे तुमच्या मुलीचं सामान—”

“फ्रिज!” कुणीतरी किंचाळलं. “शौकीनं बाळाला फ्रिज आणला!”

पुढचं भाषण कुणाला ऐकूच आलं नाही. बायकांनी जिभा हलवून असा आनंदाचा गजर केला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. लुत्फीनं माझे दोन्ही गाल चुंबले. “भावजी, मशीनसुद्धा? एवढं मन मोठं?” सासरे, हाज मुतवल्ली, डोळे पुसत म्हणाले, “आणि मी तुला कंजूस म्हणत होतो! चार लोकांत म्हणत होतो!” हमालांनी फ्रिज आत नेला, कुणीतरी तारेचा प्लग लावला आणि भाताची पातेली आत सरकली.

मग गर्दीतून रावया आली. तिच्या हातात पेल्यांचा ट्रे होता.

“शौकी,” ती शांतपणे म्हणाली, “माझा पलंग रस्त्यात का उभा आहे?”

“तूच मागितलास,” मी म्हणालो. “मला तुरुंगात घालायला निघालीस ना? घे. सगळं घे. श्वासाबद्दल बोललो, चुकलो असेन. पण वकील लावायचा? फोनवरून? त्यापेक्षा तोंडावर सांगायचं, शौकी, नको आहेस तू मला.” आणि मी, ठरलेलं नसताना, सगळ्यांसमोर रडलो.

रावयानं ट्रे बहिणीच्या हातात दिला. मला जिन्यात नेऊन बसवलं आणि गृहपाठ न आणलेल्या पोराला विचारतात तसं विचारलं, “फोनवर नेमकं काय बोलणं झालं?”

“त्यानं सांगितलं, फ्रिज, मशीन—”

“फ्रिज आधी तो म्हणाला की तू?”

मी आठवून बघितलं. “मी.”

“मशीन?”

“मी.”

“नीश?”

“नीश मी म्हणालो, पण सगळ्यात वर आहे हे तो म्हणाला!”

“माझं नाव घेतलं त्यानं?”

“नाही.”

“स्वतःचं सांगितलं? कार्यालयाचा पत्ता? दाव्याचा नंबर? काही कागद पाठवतो म्हणाला?”

“घाईत होता गं तो. दोन तासांत वॉलेटवर पैसे हवे होते, आणि कुणाशी बोलू नका म्हणाला.”

रावयानं कपाळावर हात मारला. “अरे, वीस वर्षं तू लोकांना थकबाकीच्या नोटिसा लिहितोस! शिक्का मारून, पोच घेऊन! एकदा तरी तू कुणाला फोन करून वॉलेटवर पाणीपट्टी मागितलीस?”

तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. तोच नंबर. मी तो रावयाकडे असा धरला जसं काही त्यात विंचू आहे.

तिनं फोन घेतला आणि आवाज मोठा केला. जिन्यात हळूहळू सगळा सोहळा गोळा झाला.

“शौकीची बायको बोलतेय. नाव सांगा.”

“बाई, साहेबांना द्या. पोलीस निघालेत.”

“निघू देत. नाव?”

“सल्लागार... अश्रफ.”

“पूर्ण नाव. कार्यालय कुठल्या रस्त्यावर? कर्ज कुणाचं, किती, कधीचं? कागद घरी पाठवा, वाचून उत्तर देऊ. ओळखपत्राचा नंबर मिळणार नाही, खात्याचा मिळणार नाही, वॉलेटवर छदाम मिळणार नाही. हा नंबर मी पोलिसांना देतेय. खऱ्या पोलिसांना.”

“बाई, तुमच्या नवऱ्याच्या हातात बेड्या पडतील!”

“तोंड सांभाळ!” रावयाचा आवाज पहिल्यांदाच चढला. “माझ्या नवऱ्याला काय बोलायचं ते मी बोलेन. तू कोण?”

हे ऐकून मला जे वाटलं ते मी लिहीत नाही, पण मी दोन पायऱ्या वर सरकून तिच्या शेजारी बसलो.

हाज्जा तफीदांनी गर्दीतून हात घातला, फोन ओढला, खलबत्त्याशी धरला आणि ठणाणा सुरू केला. “चोराचं ऐकू नकोस! हरामाचं खाऊ नकोस! आईचं ऐक, मेल्या, असली तर!” बायकांनी पुन्हा गजर केला. त्या ठणठणाटात पलीकडून “बास, बास!” असं काहीतरी ऐकू आलं आणि फोन बंद झाला. अख्ख्या जिन्यानं टाळ्या वाजवल्या. रावयानं तिथंच बसून पोलिसांच्या सायबर शाखेला नंबर कळवला.

मग ती माझ्याकडे वळली. “वेड्या, तुला खरंच वाटलं मी तुला तुरुंगात घालेन?”

“वाटलं.”

“घालायचंच असतं तर पहिल्याच वर्षी घातलं असतं. तेव्हा सामान नवीन होतं.” असं म्हणून तिनं माझं नाक पुसलं. मला वाटलं, चला, मिटलं.

तेवढ्यात तिची नजर दारातून आत गेली आणि ती ‘हाऽऽ’ करून दचकली, अशी की माझी आईही मागं पडावी. टॉवेलातले कप सोडवून बायकांनी धुतले होते आणि पंचवीस पाहुणे नीशच्या सेटमधून गरम मुघात, म्हणजे बाळ झाल्यावर पाहुण्यांना देतात ते पेय, पीत होते. एका लहान पोरीनं बशी चाटली.

त्यानंतर रावया माझ्याशी बोलली ती एकदम संध्याकाळी. फरगली दुसऱ्या भाड्यावर निघून गेला होता, त्यामुळं सामान शनिवारी परत येणार होतं. फ्रिजमधून लुत्फीचा भात बाहेर काढणं आणि ‘ही भेट नव्हे’ हे माझ्या सासऱ्यांना समजावणं ही कामं तिनं स्वतःकडं घेतली होती. मला एकट्याला घरी पाठवण्यात आलं. दाराला कुलूप नीट लाव, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिकाम्या बैठकीत वर्तमानपत्रावर बसून कोपऱ्यावरून आणलेला चहा पीत होतो. फोन वाजला. नंबर नवा होता, आवाज तोच, घसा मात्र बसलेला. (आदल्या दिवशी खलबत्त्याला त्यानं ओरडून उत्तर दिलं असावं.)

“जप्तीचं पथक तुमच्या दारात आहे,” तो म्हणाला. “पाच हजार भरा, नाहीतर सगळं उचलून नेतील.”

आता माझ्यात भलतंच बळ आलं होतं. “या!” मी गरजलो. “दार उघडंच आहे. सापडेल ते न्या!”

तो गोंधळला. “काय काय आहे घरात?”

मी सगळीकडं नजर फिरवली. “मी आहे,” मी म्हणालो.

त्यानं फोन ठेवला. त्यानंतर आजवर त्याचा फोन आलेला नाही.

हा पराक्रम मी रावयाला लगेच फोन करून सांगितला.

“हुशार निघाला,” ती म्हणाली. “माल काय आहे ते आधी विचारून घेतलं त्यानं. माझ्या बापाला लग्नाआधी हे सुचलं नाही.”