दोन नंबरचा माइक

रविवार, सकाळी दहा. जागा: आमच्या मोशीच्या सोसायटीचं पार्किंग. हजर: मी, म्हणजे सेक्रेटरी, चेअरमन देसाई, इलेक्ट्रिशियन सलीमभाई, आणि तिसऱ्या मजल्यावरचे नागरगोजे काका, टॉवेलात गुंडाळलेल्या ॲम्प्लिफायरसह. विषय एकच: संध्याकाळच्या वर्धापनदिनाआधी स्पीकरमधली घरघर बंद करणे.

नागरगोजे काकांना माणसं नावाने कमी आणि बटणांनी जास्त कळतात. त्यांच्या ॲम्प्लिफायरवर बास, ट्रेबल, इको आणि दोन माइकची दोन बटणं आहेत. समोर येणारा प्रत्येक जण ते त्यांवर बसवून बघतात. चेअरमनना इको द्यायचाच नाही, कारण ते मुळातच प्रत्येक वाक्य तीनदा बोलतात. माझं निदान त्यांनी भर सभेत केलं होतं.

"ताई, तुमचा ट्रेबल लई हाय. जरा खाली घ्या, लोकं मीटिंगला यायला लागतील."

पुढच्या सभेत मी खाली घेतला. माणसं खरंच वाढली. हे मी काकांना अजून सांगितलेलं नाही.

काका परळीकडचे. सगळी नोकरी चाकणला, पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या प्रेस शॉपमध्ये. प्रेसवर नवी डाय, म्हणजे साचा, बसवायला अर्धी शिफ्ट जाते, तर माणसाचा आवाज दोन मिनिटांत कसा बसेल, हा त्यांचा सवाल. "आवाज वाढवायचा नसतो, बसवायचा असतो," हे वाक्य सोसायटीतल्या पोरांनाही पाठ आहे. त्यामुळे आमच्याकडे भाषणं आटोपशीर होतात, 'हॅलो, चेक' मात्र लांबतं.

सोसायटी नवी होती तेव्हा लिफ्ट बंद, पाणी टँकरचं, आणि करमणूक म्हणजे गच्चीवरचं शनिवारचं भजन. पहिल्या माइकवर काका कुणालाही उभं करत. दुसरा माइक काकूंचा. काकू लाजाळू. माइकपासून लांब, पाण्याच्या टाकीला टेकून गायच्या. पुढे या म्हटलं की आणखी मागे सरायच्या. काका बटण थोडं पुढे फिरवायचे, ऐकायचे, केसभर मागे घ्यायचे. मग तो बारीक आवाज गच्चीभर पसरायचा, कुणी शेजारी बसून गातंय इतका जवळचा.

काकू गेल्या आणि भजन थांबलं. ॲम्प्लिफायर आता फक्त कार्यक्रमांना खाली येतो, तोही काकांच्या कडेवर.

सलीमभाईंनी स्पीकरला कान लावला. घरघरीचं कारण लगेच सापडलं. दोन नंबरला माइकच नव्हता आणि त्याचं बटण जवळजवळ शेवटपर्यंत उघडं होतं. ते शून्यावर घ्या, विषय संपला, असं म्हणत त्यांनी बोट पुढे केलं. काकांनी ॲम्प्लिफायरवर टॉवेल टाकला.

बटण फिरवा, असं चेअरमन तीनदा म्हणाले.

मी व्यवहारी तोडगा काढला. माझ्या पर्समध्ये मार्कर असतोच. आहे तिथे खूण करू, कार्यक्रम झाला की बटण परत खुणेवर आणू.

काका टॉवेलाच्या टोकाची घडी करत राहिले, मोडून पुन्हा करत राहिले.

"खूण राहील हो, ताई. पण ते काय आकडा बघून बसवलेलं न्हाई. तिला ऐकत ऐकत बसवलंय. एकदा हाललं, की परत बसवायला समोर आवाज पाहिजे. तो कुठून आणू?"

सलीमभाईंनी हात मागे घेतला. मी मार्करला टोपण लावलं.

"राहू द्या," चेअरमन म्हणाले. एकदाच.

संध्याकाळचा कार्यक्रम घरघरीसकट पार पडला. बी विंगचे एक गृहस्थ तक्रार घेऊन आले, त्यांना मी खालच्या ट्रेबलमध्ये समजावलं. काका शेवटपर्यंत ॲम्प्लिफायरशेजारी खुर्ची टाकून बसले होते, एक हात टॉवेलावर.

माझ्या यादीत मांडव, खुर्च्या, नाश्ता, हार, सगळ्यांपुढे बरोबरची खूण आहे. 'स्पीकरमधली घरघर बंद करणे' एवढंच बाकी आहे.