सुभेदार आबांची बुर्जी

आमच्या साताऱ्याच्या बुद्धिबळ मंडळात सुभेदार आबा मेलेल्या प्याद्यालाही सलाम ठोकत. समोरच्याचं मोहरं मारलं की ते दोन बोटांत अलगद उचलायचं, "जा गड्या, लय लढलास," म्हणायचं आणि मगच पटाबाहेर ठेवायचं. पेन्शन सुरू झाली तरी पलटण सुटली नव्हती. 'नियम म्हंजे नियम' हे त्यांचं पालुपद. कुठला नियम, हे मात्र विचारायची सोय नव्हती.

गल्लोगल्ली एसटीडी बूथ निघत होते, तेव्हाची गोष्ट. सांगलीच्या मंडळाशी आमचा दरवर्षी सामना व्हायचा. ढाल त्यांच्याकडे होती, आणि बरोबरी झाली तर त्यांच्याकडेच राहणार होती. सगळे डाव आटोपून आबांचा तेवढा उरला. तो जिंकला तरच ढाल साताऱ्याला. समोर सांगलीचे एक निवृत्त पोस्टमास्तर, त्यांच्याकडे राजा आणि एकुलतं एक प्यादं. आबांकडे राजा आणि दोन हत्ती. शेंबडं पोरही जिंकलं असतं. मंडळाचा चिटणीस म्हणून मी ढाल गुंडाळायला चादरसुद्धा आणली होती.

आबांनी प्यादं मारलं, सलाम केला आणि हात पुढे केला. "बुर्जी झाली. डाव बरोबरीत."

पोस्टमास्तर गांगरले. पण बुडत्याला काडी नव्हे, अख्खी नाव मिळाली होती. त्यांनी आबांचा हात धरला तो सोडेचनात. पंच माझ्याकडे बघताहेत, मी पंचांकडे. बुर्जी म्हणजे काय, ते आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी दोघांना मान्य आहे म्हणून पंचांनी बरोबरी दिली. ढाल सांगलीतच राहिली.

परतीच्या एसटीत मी उखडलो. "आबा, हातातोंडाशी आलेला घास घालवलात."

"आरं, देशी डावाचा नियम हाय. समोरच्याचा राजा एकटा ऱ्हायला की बुर्जी. कुसुमनं शिकवला."

कुसुम म्हणजे त्यांची बायको, आदल्या वर्षी वारलेली. आबांना हा खेळ त्यांच्या बायकोनं शिकवला, हे मला त्या दिवशी कळलं.

"पण आपला सामना नव्या नियमांनी होता."

"ठावं हाय रं. पर हातच उचलंना. ती म्हनायची, एकट्याला मारत न्हाईत, त्याला च्या पाजत्यात. आन् उठून च्या टाकायची. आता दोन्हीकडनं मीच खेळतो. बुर्जी हुती, आन् फुडं काय करायचं त्येच कळत न्हाई."

मला फार वाईट वाटलं. राग कुठल्या कुठे गेला. साताऱ्याच्या स्टँडवर उतरल्यावर मी म्हणालो, "चला आबा, तुमच्या घरी आज चहा मी करतो."

आबा हळूच म्हणाले, "पट मांडू का मंग?"