बंद रेडिओचा पाठ

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता ग्रामपंचायतीच्या रेडिओने एकदा खरखर केली आणि तो ठार गप्प झाला. मंगळवारी सकाळी अकरा वाजता त्याच रेडिओवर विश्राम गुरुजींचा वार्षिक पाठ होता.

गुरुजी हे आपलं म्हणायला. विश्राम अजून अध्यापन विद्यालयात शिकत होता आणि सरावासाठी दोन महिने धामापूरच्या अलीकडच्या या वाडीतल्या शाळेवर आला होता. गेल्या वर्षी वार्षिक पाठात तो नापास झाला होता. मोसंबीचं चित्र दाखवून ‘हे काय आहे?’ असं त्याने विचारलं, आणि मुलांनी चाळीस मिनिटं त्या चित्राला एकमताने ईडलिंबू ठरवलं. यंदाची संधी शेवटची. पास झाला तर कायमची मास्तरकी, नापास झाला तर कुडाळला मामाच्या दुकानात बसून जन्मभर सुपारी कातरायची. मामाने त्याच्यासाठी अडकित्ता काढून ठेवला होता म्हणे.

बरं, साधा खडू-फळ्याचा पाठ घेतला असता तर कोण नको म्हणणार होतं? पण मधल्या काळात विश्रामने ‘वर्गातील आधुनिक साधने’ असा एक निबंध लिहिला होता. त्यात ‘ज्या शिक्षकाच्या हाती केवळ खडू आहे, तो विसाव्या शतकात आलेलाच नाही’ असं एक वाक्य होतं. ते प्राचार्यांना इतकं आवडलं की त्यांनी परीक्षक इनामदार सरांना खास कळवलं, विश्रामचा पाठ बघाच, तो मुंबई केंद्राचा शालेय कार्यक्रम वर्गात लावणार आहे. स्वतःचं वाक्य असं स्वतःच्याच मानगुटीवर बसेल, हे त्याला लिहिताना कुठे ठाऊक होतं?

“बॅटरी संपली,” भिकाजी म्हणाला. भिकाजी पंचायतीचा शिपाई आणि रेडिओचा राखणदार. “सरपंचांका रोज सांजेक गाणी लागतत. मी काय करतलंय?”

“नवी बॅटरी कुठे मिळेल?”

“कुडाळच्या बाजारात. बाजार बुधवारी.”

विश्राम मटकन ओट्यावर बसला. त्याचा चेहरा बघून भिकाजी शेजारी येऊन बसला. मनाने फार चांगला माणूस, सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

“मास्तरानू, रेडियो म्हणजे काय तर पेटयेतसून आवाज येवचो. व्हय ना? तुमच्या वर्गाच्या पाठी सामानाची खोली आसा, मधी भित नाय, नुसतो कामट्यांचो कुड. कुडाक लावन टेबल, टेबलार रेडियो. मी आतसून बोलतंय. परीक्षकाक काय समाजता?”

आता इथे विश्रामने काय करायला हवं होतं, हे तुम्हांला-आम्हांला कळतं. पण भिकाजी हा हिवाळाभर जत्रांतून दशावतारात राजाचं काम करायचा. आवाज असा की शेवटच्या माणसाला जांभई द्यायची सोय नाही. विश्रामने मनातल्या मनात अडकित्ता पाहिला आणि म्हणाला, “मी मजकूर लिहून देतो. तेवढाच वाचा.”

“वाचूक माका येणा नाय.”

“मग?”

“आमच्या नाटकात लिवलेला काय नसता. मालक फक्त कथा सांगता, बोलणा आमचा आमी करतो. तुमी कथा सांगा.”

विश्रामने कथा सांगितली. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून येतात, ढग आणतात, सह्याद्री त्यांना अडवतो, म्हणून कोकणात पाऊस जास्त आणि घाटावर कमी. भिकाजीने डोळे मिटून ऐकलं. “म्हणजे वारो राजा. ढग त्येचा सैन्य. आणि सह्याद्री आडवो येता तो राक्षस,” तो म्हणाला. “बरी कथा आसा. मेलो कोण शेवटाक?”

“कोणी मरत नाही हो. भूगोल आहे.”

“बघूया,” भिकाजी म्हणाला. या ‘बघूया’वर विश्रामला रात्रभर झोप लागली नाही.

मंगळवारी अकराला इनामदार सर आले. घाटावरचा माणूस, डोक्यावर काळी टोपी, चेहऱ्यावर एक रेघ हलेल तर शपथ. ते मागच्या बाकावर विश्रामची पाठाची वही उघडून बसले. विश्रामने प्रस्तावना केली, मुंबई केंद्राचं नाव घेतलं आणि बटण फिरवलं.

काहीच झालं नाही. आत भिकाजी पेटीचे सूर वाजायची वाट बघत होता. सुरांशिवाय राजाने कधी प्रवेश केलाय? विश्राम खोकला. पुन्हा खोकला. तिसऱ्या खोकल्याला कुडामागून घसा खाकरल्याचा आवाज आला आणि मग वर्गाची कौलं हादरली.

“सावधान! प्रजाजनहो, सावधान! नैर्ऋत्य दिशेचा सार्वभौम राजा मी मोसमी वारा, सप्तसागर उल्लंघून तुमच्या भूमीवर येत आहे! माझ्या पाठीशी काळ्या मेघांचं अफाट सैन्य आहे!”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी विश्रामकडे पाहिलं. आणि मग चाळीसच्या चाळीस मुलं हाताची घडी घालून ताठ बसली. एकही हसलं नाही. आवाज खरंच मुंबईहून येतोय असं ही पोरं समजतात, हे पाहून विश्रामला त्या भाबड्या जिवांची दया आली, आणि त्यांना फसवतोय म्हणून स्वतःची लाजही वाटली. पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता. आत राजाची गाठ सह्याद्रीशी पडली होती.

“कोण रे तू उद्धटा, माझी वाट अडवणारा?” रेडिओने विचारलं, आणि दुसऱ्या घोगऱ्या आवाजात उत्तरही दिलं, “मी सह्याद्री! माझ्या छातीवर आपटून तुझं सैन्य इथंच रिकामं होईल. घाटापलीकडे तुझ्या हाती चार शिंतोडेसुद्धा उरणार नाहीत!”

मग युद्ध झालं. आतले तेलाचे रिकामे डबे लाथांनी कोसळले. कुड हलला, टेबलावरचा रेडिओ दोन बोटं पुढे सरकला. विश्रामने त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

“मुंबईला आज बरीच गडबड आहे,” इनामदार सर म्हणाले.

“हो सर. नाट्यरूपांतर आहे,” विश्राम म्हणाला. त्याच्या सदऱ्याची पाठ भिजली होती.

दहा मिनिटं झाली. ठरल्याप्रमाणे विश्रामने बटण बंद केलं. आता आतल्या माणसाला बटण बंद झाल्याचं कसं कळणार? राजा बोलतच राहिला. विश्रामने बटण डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, शेवटी रेडिओच्या तोंडावर टेबलक्लॉथ टाकला. राजाचा आवाज आणखी चढला.

इनामदार सर शांतपणे उठले आणि मुलांकडे वळले. “चालू दे. मी एक प्रश्न विचारतो. मतलई वारे म्हणजे काय, कोण सांगेल?”

सुगंधा नावाच्या मुलीने हात वर केला. पण तिच्याआधी टेबलक्लॉथखालून उत्तर आलं. “रात्री भूमीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई! त्याच्याच जोरावर आमच्या होड्या पहाटे बाहेर पडतात!”

“हा रेडिओ ऐकतोसुद्धा?”

“नवीन पद्धतीचा आहे सर,” विश्राम म्हणाला. असं आपण का बोललो, हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही.

एवढ्यावर निभावलं असतं, पण सामानाच्या खोलीला मागच्या बाजूने एक खिडकी होती, आणि त्या खिडकीत भिकाजीची बायको नर्मदा येऊन उभी राहिली.

“अवो, पंचायतीची चावी खंय ठेयलास? सरपंच दारात उबे आसत.”

राजाला प्रवेश मोडायची सवय नव्हती. तो गरजला, “हे सागरकन्ये, माझ्या मार्गातून दूर हो!”

“कोण सागरकन्या? डब्यांवर बसान काय बडबडतास? ताप इलो काय तुमका? चावी दिवा आधी.”

मुंबई केंद्रावर एक डबा घरंगळला. मग खालच्या आवाजात, “कोनाड्यात आसा गो. जा आता. माझो पाठ चल्लोसा.”

विश्रामने खाली जमिनीकडे पाहिलं. जमीन शेणाने सारवलेली, घट्ट होती. ती दुभंगेल अशी काही चिन्हं नव्हती.

“दुसरं स्टेशन मिसळलं, सर,” तो पुटपुटला. “इथून गोवा जवळ आहे.”

“असं होतं,” इनामदार सर म्हणाले. त्यांनी मुलांना आणखी चार प्रश्न विचारले. कोकणात पाऊस जास्त का, घाटावर कमी का, वारा कुठून येतो, ढग का रिकामे होतात. मुलांनी चारही उत्तरं धडाधड दिली. सरांनी वही मिटली, विश्रामच्या हातात दिली आणि जाताना एवढंच म्हणाले, “शेवटच्या पानावर ‘पाठानंतरचे चिंतन’ असा रकाना आहे. साधनाचा उपयोग कसा झाला ते लिहा आणि उद्याच्या टपालाने वही पाठवून द्या.”

त्या संध्याकाळी विश्रामने आधी लिहिलं, ‘रेडिओ या साधनामुळे विषय प्रभावी झाला.’ खोडलं. मग लिहिलं, ‘तांत्रिक अडचणी आल्या.’ तेही खोडलं. त्याला सारखी ती ताठ बसलेली चाळीस मुलं दिसत होती, गंभीर, विश्वासाने बघणारी. मास्तर व्हायच्या आधीच आपण खोटं बोललो, आणि तेही कोणाशी, तर ज्यांना शिकवायचं त्यांच्याशीच. शेवटी त्याने एका दमात लिहून टाकलं. ‘रेडिओ बंद होता. आत माणूस बसवला होता. दोष त्याचा नाही, माझा आहे. मला लाज वाटते.’ वही टपालात टाकली आणि मामाला पत्र लिहिलं की बहुधा येतोच आहे.

आठ दिवसांनी वही परत आली. लाल शाईत इनामदार सरांचा शेरा होता. ‘बटण बंद केल्यावर रेडिओ अधिक चांगला चालतो, हे प्रथमच पाहिले. रेडिओच्या वापराबद्दल शून्य गुण. मुलांना वारे मात्र समजले. आपण खरे लिहिलेत, नसते लिहिलेत तर नापास करणार होतो. पन्नासपैकी सव्वीस. उत्तीर्ण. यापुढे साधनास पिण्याचे पाणी ठेवावे, शेवटी घसा बसला होता.’

विश्राम पंचायतीत धावला आणि भिकाजीला शेरा वाचून दाखवला. ‘उत्तीर्ण’ हा शब्द त्याने आनंदाने तीनदा वाचला. भिकाजीचं तोंड मात्र उतरलं.

“सव्वीस?” तो म्हणाला. “पन्नासातले? मास्तरानू, युद्ध बरा झाला नाय काय?” त्याची समजूत घालण्यात अर्धा तास गेला.

विश्राम सुटला होता, पण पुरता नाही. परीक्षकाला खरं सांगून झालं, मुलांना सांगायचं राहिलं होतं. वर्गात शिरलं की ती चाळीस तोंडं समोर यायची आणि कायम मास्तर झाल्याचा आनंद तिथल्या तिथे विरून जायचा. त्यानंतरच्या बुधवारी एकदाची कुडाळहून बॅटरी आली. गुरुवारी त्याने खरा रेडिओ लावायचा आणि मुलांची माफी मागायची असं ठरवलं.

रेडिओ सुरू झाला. मुंबईहून एक बारीक आवाजाची बाई पालेभाज्यांविषयी बोलू लागली. दोन मिनिटं मुलं ऐकत राहिली. मग सुगंधा हळूच उठली, सामानाच्या खोलीपाशी गेली, दार उघडून आत डोकावली, डब्यांच्या मागेही बघून आली आणि दारातच उभी राहिली.

“आत कोण नाय,” तिने वर्गाला सांगितलं.

चाळीस मुलांनी आ वासला. सरपंचांची गाणी पंचायतीच्या बंद दाराआड व्हायची; पेटी आपली आपण बोलताना त्यांनी प्रथमच पाहिली. रेडिओकडे बघत ती बाकांवरून अर्धवट उठली. पाठाच्या दिवशी असं आश्चर्य एकाच्याही चेहऱ्यावर नव्हतं, हे विश्रामच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

त्याने रेडिओ बंद केला. पाठ केलेलं माफीचं भाषण बाजूलाच राहिलं. “त्या दिवशी आत भिकाजी होते,” तो कसाबसा म्हणाला, “तुम्हांला ठाऊक होतं?”

“व्हय तर,” सुगंधा म्हणाली. “आमी दर जत्रेक ऐकतो त्येंचो आवाज.”

“मग कोणी हसलं का नाही?”

मुलं खाली बघू लागली. सुगंधाने फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं.

“आमका वाटला, तुमकाच म्हायत नाय,” ती म्हणाली. “भिकाजीमामा तुमची चेष्टा करता, असा वाटला. तुमी भायरगावचे. साहेबासमोर तुमका लाज वाटात, म्हणान कोणी हसूक नाय.”

विश्राम गुरुजींनी फळ्याकडे तोंड केलं आणि ते बराच वेळ फळा पुसत राहिले. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.