गेरूचा खांब, निळीचा खांब

कासममास्तरांना कोणी "काय, बरं आहे ना?" असं विचारलं, की ते रस्त्यातच थांबत आणि उलट विचारत, "मागच्या सालच्या मानानं का?" मग खोकला, गुडघे आणि झोप यांची मागच्या सालची सरासरी आणि यंदाची सरासरी उभ्याउभ्या ऐकून घ्यावी लागे. लोणावळ्याच्या बाजारात लोक त्यांना नुसता हात करून सटकत.

ते आमच्या शाळेत गणित शिकवत, मी ड्रॉइंग. म्हणजे रंग, रेषा आणि भिंत हा प्रांत माझा. त्यात हा माणूस शिरला. बांबूच्या कामट्या तासायच्या. मागच्या सालची कामटी गेरूनं रंगवायची, यंदाची कपड्यांच्या निळीनं, आणि दोन्ही पुठ्ठ्यावर शेजारीशेजारी खळीनं चिकटवायच्या. सरासरी जेवढी, तेवढी कामटी उंच. याला ते 'जोडखांब' म्हणत. कोंबड्यांची अंडी, आगगाडीचा उशीर, हेडमास्तरांचा राग, कशाकशाचे म्हणून जोडखांब त्यांनी केले नव्हते! रागाचे खांब तर हेडमास्तरांनी स्वतः मागून घेऊन खोलीत लावले. मी त्यांचं हुबेहूब चित्र काढून दिलं होतं, ते कपाटामागे गेलं.

"ड्रॉइंगमास्तर, एका दिवसावर जाऊ नका, सरासरी काढा," हे मला दिवसातून एकदा तरी ऐकावं लागे. मी ती काढत नसे. मला तो एकेक दिवसच पुरेसा झोंबे.

शाळेच्या दर्शनी भिंतीवर कित्येक वर्षं मी रंगवलेला लोहगड होता, विंचूकाट्याच्या सोंडेसकट. तपासणीला साहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी तो उतरवला आणि तिथे कासममास्तरांचे जोडखांब लावले. लोणावळा, खंडाळा, तुंगार्ली, वलवण, अशी गावागावच्या मुलांना आठवड्याच्या परीक्षेत पडलेल्या गुणांची सरासरी, मागच्या सालची आणि यंदाची. बाकीचे खांब जेमतेम वाढले होते. वलवणचा निळा खांब मात्र गेरूला खाली टाकून वर गेला होता. तो बघायला वलवणची माणसं कामं टाकून आली. एका म्हातारीनं निळ्या कामटीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आमच्या गावाचा व्हय ह्यो? लय उंच झालाय की."

माझ्या लोहगडावर कोणी कधी हात फिरवला नव्हता. मी जळून खाक झालो. घरी जेवताना बायको म्हणाली, "त्यांचे खांब त्यांना लखलाभ, तुम्ही भात तरी चिवडू नका." साहेब यायच्या आत या खांबांत चूक काढून भिंत परत मिळवायची, असं मी त्या ताटावरच ठरवलं.

त्या दिवसापासून दर रविवारी मी कासममास्तरांकडे जाऊ लागलो. "शिकायला आलो," असं सांगायचं आणि ओसरीवर बसून खोदून खोदून विचारायचं. त्यांची बायको फार पूर्वीच गेलेली. चहा ते स्वतः करत, गवती चहा आणि आलं घालून. तो आमच्या घरच्यापेक्षा चांगला होई, याचाही मला राग येई.

गणितात मी कच्चा, त्यामुळे कित्येक रविवार कोरडे गेले. मग एकदा बोलता बोलता वलवणच्या एका आबांची गोष्ट निघाली. मागच्या साली लावणीच्या दिवसांत त्यांचा नातू शाळेत नव्हता, म्हणून परीक्षेत शून्य मिळालं. आबा मास्तरांना म्हणाले, "पोरगं गुडघाभर चिखलात भात लावत व्हतं, मास्तर. त्याला भोपळा कशापायी?"

"मला पटलं," कासममास्तर म्हणाले. "यंदापासून लावणीतल्या गैरहजेरीला शून्य बंद. ती परीक्षा त्या मुलाच्या हिशेबात धरायचीच नाही."

"आणि मागच्या सालची शून्यं?"

"ती आहेत तशीच आहेत."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे गेरूत शून्यं आहेत आणि निळीत नाहीत. भात लावणारी मुलं सगळी वलवणची. मग वलवण वाढलं कुठे? तुम्ही मोजायची रीत बदललीत."

कासममास्तरांनी बोटांवर पुन्हा हिशेब केला. भांडण होईल म्हणून मी चार टोमणे तयार ठेवले होते. पण त्यांचा चेहरा हळूहळू खुलला.

"वा, ड्रॉइंगमास्तर. दोन सालं दोन मापांनी मोजली मी. इतकं बारकाईनं माझं काम कोणी बघितलं नव्हतं हो. उद्याच उतरवतो. तुमचा लोहगड लावा परत."

वलवणची नवी कामटी तासायला ते आत गेले, मागोमाग मीही. ओसरीच्या पलीकडे मी प्रथमच गेलो होतो. आतल्या भिंतीवर एक जोडखांबांचा पुठ्ठा होता.

"घरी कोण किती येतं त्याचा," ते म्हणाले. "गेरू म्हणजे माझी लेक झुबेदा घरी होती ते साल. नीळ म्हणजे ती लग्न होऊन जुन्नरला गेली त्यानंतरचं."

झुबेदाच्या मैत्रिणी, शेजारच्या मावशी, कासारीण. गेरूचे खांब हातभर, निळीचे बोटभर. आणि अगदी कडेला, जोडीला गेरू नसलेला एकच निळा खांब सगळ्या निळ्यांत उंच उभा होता. खाली लिहिलं होतं, 'ड्रॉइंगमास्तर'.

माझा लोहगड भिंतीवर परत जाणार होता. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी तो शोधत उभा राहिलो.

कासममास्तर कामटी तासत होते. मान वर न करता म्हणाले, "तुम्हाला हवी ती चूक तर सापडली. आता पुढच्या रविवारी..." आणि हातातल्या चाकूनं त्यांनी तो निळा खांब शेंड्यापासून तळापर्यंत उतरल्याची खूण केली.

मी पुठ्ठ्याजवळ गेलो, एक डोळा मिटून पाहिलं. खांब ओळंब्यात होता, कुठेही केसभर ढळलेला नव्हता.

"हा माझा खांब तिरका चिकटवलाय तुम्ही," मी म्हणालो. "आणि बाकीचेही तपासायला हवेत. एका रविवारात व्हायचं काम नाही हे."

ते चाकू ठेवून उठले आणि चुलीवर पुन्हा आधण ठेवलं.