दाबायचं, सरकवायचं नाही

आमचे शेजारी मोकल सर दर दोन-चार दिवसांनी माझ्याकडे कांदा मागायला येतात आणि तो कांदा कधीही खात नाहीत. बरं, कुठलाही कांदा चालत नाही. आपला अलिबागचा पांढरा, माळेतून नुकता सोडवलेला, असाच हवा. टोपलीसमोर उकिडवे बसतात, एकेक उचलून बुडाशी बोट फिरवतात आणि मुलगी बघायला आल्यासारखी चौकशी करतात. "वहिनी, ह्याला फ्रीजमध्ये नव्हतं ना ठेवलं?" मग निवडलेला कांदा घरी नेऊन पाण्याने भरलेल्या पेल्यावर बसवायचा. खाली पांढरी मुळं सुटली की सर खूश. त्यांच्या खिडकीत, कपाटावर, टीव्हीशेजारी, जिकडे बघाल तिकडे पेले आणि पेल्यांवर कांदे. चहा प्यायला घरात पेला उरत नाही, म्हणून चहालाही ते आमच्याकडेच येतात.

सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. निवृत्त होऊन किहीमला आले ते सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन. पिकांची गुणसूत्रं बघणं हा त्यांचा छंद म्हणा, आजार म्हणा. भातात चोवीस, नारळात बत्तीस, कांद्यात सोळा. मी एकदा विचारलंच, "अहो, कांद्यात सोळाच असतात हे ठाऊक आहे, मग रोज उठून मोजायचं काय?"

"तुम्ही रोज आरशात बघता," सर म्हणाले, "तिथे दुसरं कोण निघणार असतं?"

त्यानंतर मी त्या वाटेला गेले नाही.

सगळी करामत म्हणे अंगठ्यात असते. मुळाचं टोक रंगात भिजवायचं, काचेवर ठेवायचं, वर दुसरी पातळ काच आणि तिच्यावर अंगठा. दाब सरळ पडला तर सोळाच्या सोळा सुटी, स्वच्छ दिसतात. अंगठा केसभर सरकला की सगळा चिखल. "दाबायचं, सरकवायचं नाही!" हे त्यांचं ब्रीदवाक्य. मी मोदकाची पारी करत असले तरी दारातून तेच, आमचे हे दारावरची घंटा वाजवत असले तरी तेच. गेल्या वर्षा-दीड वर्षात तर हा नाद इतका वाढलाय की अंगठ्याचा जांभळट रंग जातच नाही. बँकेतल्या नव्या पोरीने तो अंगठा बघितला आणि सही मागायच्याऐवजी शाईचं पॅड पुढे सरकवलं. सरांनीही निमूट अंगठा उठवला. वर तिला सांगितलं, "बघितलंस? सरकला नाही."

आमच्याकडे मुंबईच्या पाहुण्यांसाठी भाड्याने द्यायच्या दोन खोल्या आहेत. त्या पाहुण्यांना सर न्याहारीला गाठतात. एका नव्या जोडप्याच्या ताटात शिकरण होतं. "केळ्यात गुणसूत्रांचे संच तीन," सर सुरू झाले. "तिघांत जोडी लागणार कशी? म्हणून बी धरत नाही बिचाऱ्याला." नवऱ्याने बायकोकडे बघितलं, बायकोने शिकरणाकडे. दोघांनी पोहे मागवले. मला सरांचा असा राग येतो म्हणून सांगू!

आणि ती आरोळी. आमच्या दोन घरांमध्ये जास्वंदीचं कुंपण तेवढं आहे. सुमनताई, म्हणजे सरांची बायको, होत्या तेव्हा अधूनमधून सकाळी पलीकडून गर्जना यायची, "सोळा!" माझ्या हातून दोनदा दूध उतू गेलंय त्यापायी. सुमनताई गेल्या, दोन पावसाळे झाले. तेव्हापासून आरोळीही बंद. वयाने शांत झाले, असं मी समजले आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

तर माझ्या लेकीचं, मेघाचं, उरणच्या एका मुलाशी जमत आलं होतं. मुलगा सालस, बंदरावरच्या कचेरीत नोकरीला आणि मेघाच्या मनात पुरता भरलेला. त्यांच्या भटजींनी चोवीस गुण जुळवले होते. फक्त मुलाच्या पारूआत्याने हो म्हणायचं राहिलं होतं. त्या घरात तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही. ती सकाळीच आली. मी आपली मोठेपणा मिरवायला म्हटलं, "आमचे शेजारीसुद्धा मोठे अभ्यासक आहेत हो, गुणसूत्रांचे." आत्याने त्यातलं 'गुण' तेवढं घेतलं.

तिने लाडू उचलला आणि कुंपणापलीकडून गर्जना झाली.

"अगं, सोळा! सोळाच आहेत गं! अगदी स्वच्छ!"

लाडू बशीत परत गेला.

"सोलाच?" आत्या म्हणाली. "आमच्या भटजींनी तं चोवीस सांगितले. तुमी गुपचूप परत जुलवाया दिलंत काय? अठराच्या खाली आमी न्हाय करत."

"अहो, ते कांद्याचं आहे," मी म्हटलं.

"कांद्याची पत्रिका?" आत्या पदर खोचून उठलीच.

मेघा रडवेली झाली. मी तशीच कुंपणाशी धावले आणि सरांना हाका मारून बोलावलं. सर आले ते बनियन-लुंगीवर, जांभळा अंगठा वर धरून. "वहिनी, दिसली! सगळी सुटी!" त्यांना आत्या दिसली, तशी त्यांनी तिलाही खात्री दिली, "सोळाच. एकही जास्त नाही."

शेवटी आत्यालाच त्यांच्या घरी नेलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. तिने एक डोळा मिटला.

"अगो बाय! ही तं गांडुलां हायेत!"

"तीच गुणसूत्रं. आठ आईकडची, आठ बापाकडची," सर म्हणाले.

"कोनची कोनाची ते कसं कलतं?"

"ते नाही सांगता येत. पण दोन-दोन सारखी असतात, त्यांच्या जोड्या लागतात."

आत्या बराच वेळ बघत राहिली. मग डोळा उघडून म्हणाली, "म्हंजे कांद्याचीपन जुलवाजुलव हाय म्हना. मंग आमच्या चोविसाला काय धाड भरलीय? जमलं आमचं." मेघाने तिथेच वाकून तिला नमस्कार केला. मला तर त्या कांद्यालाही करावासा वाटला.

निघताना आत्याने पेल्यांवरून, रिकाम्या स्वयंपाकघरावरून नजर फिरवली. "पन मास्तर, घरात बाईमानूस तं कोन दिसत न्हाय. मंग तुमी 'अगं' कोनाला म्हनलात?"

सर अंगठ्याकडे बघत उभे राहिले.

"काच सुमन दाबायची," ते म्हणाले. "मी नुसता बघायचो. पापड लाटणारा हात तिचा, कधी सरकला नाही. माझा सरकतो. ती गेल्यापासून रोज दाबतोय, रोज चिखल. आज पहिल्यांदा जमलं, आणि..." त्यांनी स्वयंपाकघराकडे हात केला. "ती तिथे असायची. म्हणून मोठ्याने सांगायची सवय."

टेबलावरची रंगाची बाटली उघडी होती, तिचं बूच आत्याने लावलं आणि मेघाचा हात धरून बाहेर पडली.

मला माझीच लाज वाटली. आरोळी थांबली म्हणून मला बरं वाटलं होतं.

आता महिना-पंधरा दिवसांनी कधीतरी ती आरोळी येते, कारण अंगठा अजून सरकतोच. पण आली की तीच, "अगं, सोळा!" मी गॅस बारीक करते आणि खिडकीतून ओरडते, "ऐकलं हो! चहा टाकलाय, या!" ती हाक माझ्यासाठी नसते, हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी ओ देते.