होकार कोणी दाबला?

शनिवारी दुपारी तात्या ओसरीवर सुपारी सोलत बसले होते. दारात एक पांढरी गाडी थांबली आणि आतून उतरलेल्या माणसाने हसून हात जोडले.

"नमस्कार काका. मी मनीष. दोन दिवसांसाठी खोली घेतलीय ना आम्ही तुमची!"

त्याच्यामागून बायको उतरली, आणि खांद्यावर टॉवेल टाकून त्याचे वडील.

तात्यांच्या हातातली सुपारी गळून पडली. केळव्याच्या त्यांच्या वाडीत मागच्या दोन खोल्यांचा होमस्टे सुनेने, स्नेहलने, हौसेने मांडला होता खरा, पण अजून तिथे एकही पाहुणा राहिला नव्हता. कारण सोपं होतं. मागणी आली की ओसरीवरच्या कॉम्प्युटरवर 'स्वीकारा' आणि 'नाकारा' अशी दोन बटणं उमटत. घर तात्यांचं, म्हणून बटण दाबायचा मानही त्यांचाच. ते न चुकता 'नाकारा' दाबत.

"मुंबैवाले नारळाखाली गाडी लावतात, न वरशी नारळ पडला का आमालाच बोलतात," असं त्यांचं म्हणणं. शिवाय या मोसमात कोणी आलं नाही तर त्या खोल्यांत सुपारी भरणार, हेही त्यांनी जाहीर केलं होतं. कोणी येणार कसं, हे विचारायची सोय नव्हती.

कॉम्प्युटर तसा म्हातारा. मुलाच्या, म्हणजे शैलेशच्या, बोईसरच्या कारखान्यातून जुना झाला म्हणून घरी आलेला. खाली वेगळा डबा नाही, सगळं यंत्र पडद्याच्याच पोटात, आणि पडद्याला बोट लावलं की चालणारा. एकदा बंद केला तर पुन्हा सुरू होईपर्यंत वरणभात शिजून व्हायचा, म्हणून तो सदा चालूच.

दारी आलेल्याला परत धाडणं तात्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी पाहुण्यांना पाणी दिलं, खोली दाखवली आणि थेट स्वयंपाकघर गाठलं.

"स्नेहल, होकार तू दाबलास?"

"नाही तात्या, शप्पथ! मी आठवडाभर माकुणसारला माहेरी होते ना."

"मंदा?"

"मी?" भाताखालचा गॅस बारीक करत तात्यांची बायको मंदाताई म्हणाल्या, "अवो, मला त्याच्यावरची धूळ पुसायची पण भीती वाटते."

"मग शैलेश?"

"त्याची रातपाळी. दिवसा घोरण्यातून त्याला सवड कुठं हाय?"

मग राहिलं कोण? तात्यांचा राग बाजूलाच राहिला आणि त्यांना कुतूहलाने घेरलं. जेवताना त्यांनी हे कोडं मनीषच्या वडिलांना सांगितलं. ते गृहस्थ भलते चौकस. दुपारभर ते तात्यांबरोबर वाडीत फिरले. ही पोफळ किती वर्षांची, हा वेल मिरीचा की पानाचा, पाटाचं पाणी कुठून येतं, एक ना दोन. घरात इतकं विचारणारा माणूस तात्यांना कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. शैलेशला तर पोफळ न माड सारखेच.

"आज पहारा करू या," मनीषचे वडील म्हणाले. "चोर येतो की नाही बघू."

दिवेलागणीला ओसरीवरची ट्यूब मुद्दामच लावली नाही. सगळे झोपाळ्यावर दाटीवाटीने, श्वास रोखून. अंधारात फक्त कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला. एवढ्यात तो टिंगकन वाजला. नवी मागणी. पुढचा शनिवार, अकरा माणसं.

उजेडाला एक किडा आला आणि पडद्यावर बसला. तात्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकणार, तोच खरी पालच पडद्यामागच्या उबेतून बाहेर आली. तिने पडद्यावर पाय टाकला आणि तिच्या पायाखाली माऊसचा छोटा बाण सैरावैरा पळू लागला.

"अगो बाय! हीच ती!" मंदाताई कुजबुजल्या.

किडा सरकत सरकत 'नाकारा'वर जाऊन बसला. पालीने मान वळवली.

"गेलं," स्नेहलने उसासा टाकला. "आता ही नाकारणार."

"तिथं नको! तिकडं बस, तिकडं!" तात्या उठले ते पंचा फडकावतच. किडा उडाला. पाल सळसळत भिंतीवरून थेट आढ्याला गेली. पडद्यावर उरली फक्त दोन बटणं, आणि समोर तात्या, पाठमोरे.

मग टिंग असा आवाज झाला.

स्नेहलने वाकून पाहिलं. "तात्या! मागणी स्वीकारली! हे कोणी दाबलं?"

"पालीनं," तात्या म्हणाले, आणि अकरा माणसांना पापलेट किती लागतील ते विचारायला मंदाताईंकडे वळले.