धोंडीराम फिटरचं विमान

आमच्या शेजारी म्हशी उन्हातान्हात बाहेर असायच्या आणि गोठ्यात विमान असायचं.

लढाई संपल्यावर धोंडीराम लष्करी विमानतळावरची फिटरची नोकरी सोडून गावी आला. एकटा माणूस. वर्षभरात लष्करी लिलावात त्यानं दुहेरी पंखांचं एक जुनं, लहानसं विमान घेतलं. पंख सोडवून आगगाडीनं लोणंदला आणि तिथून बैलगाड्यांवर लादून त्यानं ते फलटणजवळच्या आमच्या गावात आणलं. गोठ्यात पंख मावेनात, म्हणून मला न विचारता ते माझ्या ओसरीवर ठेवले.

"आवं गुरुजी, तुमच्या ओसरीवर हाय तरी काय? निस्ती सतरंजी!"

पुढं दर रविवारी पंखांचं कापड ताणून धरायची वेठबिगारी माझ्याकडं आली. हात जरा सैल पडला की तो ओरडायचा, "ढिल्लं नगं! ढिल्लं म्हंजे मरण!" चहा गाळायचं फडकं धरतानाही हेच. त्या कापडाला लावायच्या रोगणाच्या वासानं आमची आमटीसुद्धा रोगणासारखी लागायची.

बायको एकदा कडाडली, "हे लाकूड हलवा, नाहीतर मी माहेरी जाते!"

"म्हैनाभर थांबा वैनी. मीच इमानानं सोडतो."

अशातच सांगलीचे एक धनिक मोटारीनं आले. जुनी विमानं जमवायचा त्यांना नाद. पंखांवरून हात फिरवत म्हणाले, "असलं विमान आता औषधालाही सापडत नाही. मागाल ती किंमत देतो."

मी मनात नारळ फोडला.

"इकायचं न्हाई," धोंडीराम म्हणाला.

मोटार गेल्यावर मी भडकलोच. "अरे, विकायचं नाही, उडवायचं नाही, मग आमच्या उरावर कशाला?"

तो ओसरीवर बसला.

"लढाईत आईची तार आली. शेवटची घटका हाय म्हणून. इमान चालवणारा सायेब म्हनला, चल, या इमानानं सोडतो. तासाभरात पोचलो असतो. उडायच्या आधी तपासायचं काम माजंच. पंखातलं लाकूड चिरलं हुतं. सांगितलं तसं. मग रेल्वेनं आलो. तवर सावडून झालं हुतं."

"हेच विमान?"

"व्हय. लिलावात नंबर वळखला. चिरलेलं लाकूड बदललंय गुरुजी. आता कवाबी उडंल." त्यानं पंखावरची धूळ पुसली. "कुटं जायाचं, ते तेवढं इचारू नगा."

आत भांड्यांचा आवाज झाला. बायकोनं दोन पानं वाढली होती. एक माझं, एक त्याचं.